कैरोचा रक्स, मुंबईचा कॅबरे आणि आमच्या शाळेचं गॅदरिंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचं गॅदरिंग तोंडावर आलं होतं आणि कार्यक्रमांची यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं. उर्दू विभागातली नववीची एक मुलगी तिचा नाच दाखवायला आली. सलवार-कमीज, कमरेला घट्ट बांधलेली ओढणी, पायात घुंगरू. सुरुवातीची दोन मिनिटं कथक होतं, गल्लीतल्या एका बाईंकडे ती तीन वर्षं शिकली होती. मग मोबाईलवर अरबी ढोलाचा तुकडा सुरू झाला, पाय जवळजवळ थांबले आणि सगळा नाच कमरेत आला. हा भाग तिचा तिनेच, व्हिडिओ बघून बसवला होता.

स्टाफरूममधल्या एका सहकारी बाईंनी अगदी सहज विचारलं, "हे तुमच्याकडचं ना मॅडम? अरबी?" त्याच संध्याकाळी व्यवस्थापनातल्या एका बुजुर्गांचा फोन आला. "टीचर, अपने घराँ की बच्चियाँ ऐसा नाचते क्या? ये अपना नहीं है." एकाच दिवशी, त्याच चार मिनिटांच्या नाचाबद्दल, एकीने तो आमचा ठरवला आणि दुसऱ्यांनी आमचा नाही म्हणून सांगितलं. मी यादीतून नाव काढलं. मुलीला म्हणाले, वेळ कमी पडतोय. ती "जी टीचर" म्हणाली आणि घुंगरू पिशवीत घालून गेली.

मी भाषा शिकवते, फतवे देत नाही. नाच जायज की नाजायज हा वाद इथे काढायचा नाही. पण "हे कुणाचं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते शोधायला मी बरीच वर्षं घेतली, हे मात्र खरं.

पहिली गोष्ट नावाची. "बेली डान्स" हे नाव अरबी नाही. अरबीत त्याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. "पोटाचा नाच" हे फ्रेंचांनी दिलेलं नाव. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात "कैरोची गल्ली" उभारली होती, तिथे इजिप्तहून आणलेल्या बायका नाचल्या. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात तशीच गल्ली पुन्हा उभी राहिली आणि तिथून हे नाव इंग्रजीत रुळलं. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचं ते गाजलेलं भाषण झालं, तेच हे शिकागोचं प्रदर्शन. एकाच शहरात, एकाच हंगामात पूर्वेचं अध्यात्म आणि पूर्वेचं पोट, दोन्ही विक्रीला होतं असं म्हटलं तर उद्धटपणा होईल, पण तिकिटं काढून आलेल्या लोकांना दोन्हीकडे पूर्वच बघायची होती.

त्या आधीचं कैरो कसं होतं? एडवर्ड लेन नावाचा इंग्रज तिथे राहून अरबी शिकला आणि १८३६ मध्ये त्याने इजिप्तच्या चालीरीतींवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याने दोन वर्ग सांगितलेत. एक अवालिम, दुसरा गवाजी. अवालिमचं एकवचन आलिमा. उर्दू जाणणाऱ्याला हे वाचून थबकायला होतं. आलिम, इल्म, मुअल्लिम ज्या धातूतून आले, त्याच धातूतून कैरोच्या गाणाऱ्या बाईचं नाव आलं. आलिमा म्हणजे जाणती, शिकलेली. या बायका घरंदाज वाड्यांमध्ये जनानखान्यात गात आणि पुरुष मंडळी पडद्याआडून किंवा अंगणातून ऐकत. गवाजी मात्र रस्त्यावर, लग्नाच्या दारात, मौलिदच्या जत्रेत उघड्यावर नाचत. परदेशी प्रवासी दोघींना एकच समजत, अशी तक्रार लेन तेव्हाच करतो.

१८३४ मध्ये मुहम्मद अली पाशाच्या सरकारने कैरोत बायकांच्या जाहीर नाचावर बंदी घातली. गवाजींना शहराबाहेर काढून दक्षिणेकडे, एस्ना, केना, अस्वानकडे पाठवलं. नाच त्याने थांबला नाही. बाईचा वेश घेऊन नाचणाऱ्या पुरुषांना, त्यांना तिथे खवल म्हणत, जास्त मागणी आली. आपल्या तमाशातला नाच्या पोऱ्या आठवतोय ना? तसंच काहीसं. आणि हद्दपार झालेल्या बायकांना बघायला गोरे प्रवासी बोटी करून नाईल नदीतून एस्नापर्यंत जाऊ लागले. १८५० मध्ये फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर तिथल्या कुचुक हानिम नावाच्या नर्तकीकडे गेला. त्याने तिच्याबद्दल लिहिलं आणि युरोपने ते वाचलं. तिने स्वतःबद्दल काय सांगितलं असतं, ते कुठेच नाही. कुचुक हानिम हेही खरं नाव म्हणता येत नाही, तुर्कीत त्याचा अर्थ फक्त "छोटी बाई".

आपल्याकडे याच सुमाराला काय चाललं होतं ते पाहिलं की दोन्ही चित्रं एकमेकांवर बसतात. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध घेतलं आणि वाजिद अली शाहला कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला धाडलं. लखनौच्या तवायफांचा आश्रयदाता गेला. इतिहासकार वीणा तलवार ओल्डनबर्ग यांना लखनौच्या १८५८ ते १८७७ च्या कर-वह्यांमध्ये नाचगाणाऱ्या बायका सर्वांत वरच्या कराच्या गटात सापडल्या. बंडाला मदत केली म्हणून ज्यांची मालमत्ता जप्त झाली, त्या यादीतही त्यांची नावं होती. इंग्रजांच्या डॉक्टरी कायद्यांनी पुढे या बायकांना फक्त रोग पसरवणाऱ्या ठरवलं.

तवायफ हा शब्दही बघा. मूळ अरबी ताइफा, म्हणजे गट, टोळी. त्याचं अनेकवचन तवाइफ. त्याच ताइफातून मराठीत ताफा आला. आज आपण मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा म्हणतो, पण जुन्या मराठीत ताफा म्हणजे नाचणाऱ्या बायका आणि त्यांच्या साजिंद्यांचा संच. तमाशा अरबी-फारसीतून आलेला. शाहीर म्हणजे शायर. डफ, मुजरा, सवाल-जवाब, सगळी मंडळी त्याच वाटेने आली. दहावीच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा उर्दू विभागातली मुलं खूश होतात आणि मराठी विभागातली जरा चकित होतात, खरं तर दोघांनीही उलट व्हायला हरकत नाही. लावणीचा एक मोठा शाहीर सगनभाऊ हा जेजुरीकडचा मुसलमान शिकलगार होता. तलवारींना धार लावणाऱ्या घरातला माणूस पेशवाईत लावण्या रचतो, आणि दोनशे वर्षांनी आपण गॅदरिंगच्या यादीवर "हे कुणाचं" म्हणून भांडतो.

आता खुद्द मिश्रणाकडे येते. आज ज्याला आपण अस्सल अरबी बेली डान्स समजतो, तो मुळात एका नाइटक्लबात घडलेला आहे. १९२६ मध्ये बदिया मसाब्नी या सीरिया-लेबनॉनच्या भागातून आलेल्या बाईने कैरोत आपलं थिएटर सुरू केलं. गवाजी एका जागी, लोकांच्या गराड्यात नाचत. बदियाकडे मोठा रंगमंच होता, समोर खुर्च्या होत्या, त्यात परदेशी गिऱ्हाईक होतं. मग नाच पसरला. हात वर गेले, बॅलेसारखे फिरू लागले, नर्तकी मंचभर चालू लागली, हातात झिरझिरीत ओढणी आली. दोन तुकड्यांचा चमकणारा पोशाखही या क्लब आणि सिनेमाच्या काळातच पक्का झाला. बदियाची एक शिष्या ताहिया कारिओका. त्यातलं कारिओका हे एका ब्राझिली नाचाचं नाव, अमेरिकन सिनेमातून कैरोत पोहोचलेलं आणि हिला चिकटलेलं. १९५० च्या दशकात राजकारणापायी ही बाई तुरुंगातही जाऊन आली. एडवर्ड सईदसारख्या माणसाने १९९० मध्ये तिच्यावर अख्खा लेख लिहिला. ज्या विद्वानाने "पूर्व" ही युरोपने रचलेली कल्पना आहे असं जगाला सांगितलं, तो लहानपणी कैरोत तिचा नाच बघून भारावला होता. मला हे फार आवडलं.

दुसरी शिष्या सामिया गमाल. १९५४ मध्ये ती अलीबाबा आणि चाळीस चोरांच्या गोष्टीवरच्या एका फ्रेंच सिनेमात नाचली. त्याच १९५४ साली मुंबईत होमी वाडियांचा "अलीबाबा और चालीस चोर" आला, महिपाल आणि शकीला यांचा. गोष्ट एक, साल एक, आणि दोन्हीकडचं बगदाद पडद्यावरचं. मुंबईला हे बगदाद नवीन नव्हतं. पारशी थिएटरने हातिमताई, गुलबकावली केव्हाच गाजवल्या होत्या, आणि त्याच्याही आधी लखनौत आगा हसन अमानतच्या "इंदरसभे"त देवांच्या दरबारात फारसी पऱ्या नाचल्या होत्या. इंद्राची सभा आणि कोह-काफच्या पऱ्या! ज्यांना सरमिसळ आजची वाटते त्यांनी हे नाटक जरूर वाचावं.

हिंदी सिनेमाच्या या बगदादमध्ये नाचायला कोण आलं? आधी कुक्कू, अँग्लो-इंडियन. मग तिने आणलेली हेलन. १९३८ साली रंगूनला जन्म, युद्धात ब्रह्मदेशातून कुटुंबासह पायपीट करत आसामात, तिथून पुढे मुंबईत. १९५१ च्या "आवारा"त ती समूहातली पोरगी होती. तिने मणिपुरी, भरतनाट्यम, कथक शिकलं होतं आणि पडद्यावर ती कधी चिनी, कधी स्पॅनिश, कधी अरबी झाली. १९७५ च्या "शोले"त गब्बरच्या अड्ड्यावरचं तिचं गाणं आठवा. कंबर कैरोची, पण मान आणि डोळे बघा. डोळ्यांची ती फेक कैरोच्या रंगमंचावरची नव्हे, ती इथल्या नाचाची तालीम आहे. माझ्या मते बेली डान्स आणि भारतीय नाच यांचं सगळ्यात यशस्वी मिश्रण कुठल्या कार्यशाळेत नाही झालं, ते अशा गाण्यांत झालं, तेही कुणी मिश्रण म्हणून त्याचा गाजावाजा न करता.

मात्र याच गाण्यांनी एक नुकसानही केलं. तंबू, हुक्का, शेख आणि नाचणारी बाई एवढाच अरब, आणि पर्यायाने एवढाच मुसलमान, पडद्यावर उरला. माझ्या सहकारी बाईंचा प्रश्न तिथून आला होता. त्यांचा दोष काय? जुन्नरच्या किंवा जालन्याच्या मुसलमान बाईने कैरोचा नाच कधी पाहिलेला नसतो, हे हिंदी सिनेमाने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

आता थोडं अंगाचं आणि तालाचं, कारण मिश्रण शेवटी तिथे जमतं किंवा फसतं. कथकचा जीव पायात. तत्कार पायाने, लयीचा हिशोब पायाने, चक्कर मारून समेवर येणं पायाने. धड बरंचसं सरळ. रक्स शर्कीत उलट. पाय शांत, आणि कंबर, पोट, छाती, खांदे वेगवेगळे हलतात. एक हलताना दुसऱ्याने गप्प राहायचं, यातच त्याचं कसब. कथकवाली घुंगरू पायात बांधते, कैरोची नर्तकी पितळेच्या चकत्या बोटांत अडकवते. ताल मात्र शेजारी आहेत. अरबी मकसूम आठ ठोक्यांचा, आपला केरवा आठ मात्रांचा. दरबुक्याचे दुम आणि तक हे ढोलकीच्या कानाला परके नाहीत. म्हणून दोन्ही जोडणं सोपं वाटतं. पण त्या मुलीने घुंगरू बांधून कंबर थरथरवली तेव्हा गुडघे हलले आणि सगळे घुंगरू एकसारखे खुळखुळू लागले. कथकमध्ये घुंगरू बोलतात, इथे ते नुसते बडबडत होते. तिच्याही ते लक्षात आलं होतं. तिने काय केलं, तर थरथर अगदी हळू सुरू केली, आवाज वाढवत नेला आणि दुमच्या ठोक्यावर एकदम गप्प केला. समेवर आल्यासारखा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

लावणीत पाय आणि कंबर दोन्ही आहेत, हे नंतर माझ्या डोक्यात आलं. नऊवारीच्या कासोट्यात कमरेचा झटका आणि घुंगरांचा ठेका एकत्रच चालतात. म्हणजे कैरो आणि लखनौ जोडायला निघालेल्यांना जो पूल हवा तो आपल्या ढोलकीच्या फडावर आधीपासून उभा आहे. कथकच्या क्लासात हे बोलले तर बाईंना आवडणार नाही, कारण कंबर हलणं हेच तर विसाव्या शतकात सभ्य नाचाने टाळलं. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभं केलं आणि देवदासींच्या नाचातला शृंगार सौम्य करून तो घरंदाज मुलींपर्यंत आणला. इजिप्तमध्ये महमूद रेदाने १९५९ मध्ये आपला संच काढला आणि लोकनृत्य असंच धुऊन-पुसून, शिकलेल्या घरातल्या मुलींना घेऊन रंगमंचावर मांडलं. दोघांचं काम मोठंच. पण दोन्हीकडे नाचाला इज्जत मिळाली आणि ज्यांच्या अंगातून तो घेतला त्या बायका दाराबाहेर राहिल्या.

अमेरिकेतली कहाणी वेगळी आणि जरा गमतीची. रूथ सेंट डेनिस या नर्तकीने १९०४ मध्ये एका दुकानात सिगारेटच्या जाहिरातीवर इजिप्तची देवी पाहिली आणि तिला पूर्वेच्या नाचाचं वेड लागलं. १९०६ मध्ये ती रंगमंचावर आली ती राधा होऊन, तेही फ्रेंच ऑपेराच्या संगीतावर. इजिप्तहून निघून वृंदावनात, मध्ये एकही बंदर नाही. पुढे १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात जमिला सलिमपूर यांनी "बल अनात" हा संच काढला आणि उत्तर आफ्रिकेपासून मध्यपूर्वेपर्यंतचं जे मिळेल ते एका मांडवाखाली आणलं. त्याच परंपरेतून १९८७ मध्ये कॅरोलिना नेरिच्चिओ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत "ट्रायबल" म्हणून ओळखली जाणारी शैली घडवली. तिच्यातल्या नर्तकी काय घालतात? पाठ उघडी असलेली चोळी, वारेमाप घेराचा घागरा, गोंडे, कवड्या, आरसे. त्यातले कितीतरी जुने तुकडे आपल्याकडच्या बंजारा बायकांच्या फेटिया-कांचळीचे, उसवून कमरपट्टे केलेले. यवतमाळ-नांदेडकडच्या तांड्यांवर जे भरतकाम आयाबाया करत, ते तिथे बेली डान्सचं लेणं झालं. आता इंटरनेटवर तीच शैली आपल्या शहरांतल्या मुली शिकतात, पैसे भरून. तांड्यावरच्या बाईला यातलं काही मिळालं का, हे विचारण्याची पद्धत नाही.

या मंडळींची एक लाडकी कथा अशी की बेली डान्स मुळात भारतातूनच गेला. त्याला आधार म्हणून फिरदौसीच्या शाहनाम्यातला प्रसंग सांगतात. इराणच्या बहराम गूरने हिंदच्या राजाकडून दहा हजार लुरी, गाणारे-वाजवणारे बाईमाणूस, मागवले. त्यांना बैल, गाढवं, गहू दिले की शेती करा आणि गरिबांसाठी फुकट वाजवा. वर्षभरात ते सगळं खाऊन परत आले, तेव्हा राजाने त्यांना भटकायला लावलं. गोष्ट सुरेख आहे. भटक्या रोमा आणि डोम लोकांच्या भाषा भारतीय कुळातल्या आहेत हेही भाषाशास्त्राने सिद्ध केलंय. पण भाषा गेली म्हणून कमरेचा हा विशिष्ट नाचही इथूनच गेला, असं त्यातून निघत नाही. अभिमानापोटी आपण हे विधान लगेच उचलतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. राजस्थानच्या कालबेलिया नाचाचं रक्स शर्कीशी साम्य दाखवतात, ते डोळ्यांना पटतंही. पण कालबेलिया आज जसा दिसतो तो बराचसा गेल्या पन्नास वर्षांतला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर गारुड्यांचं साप खेळवणं बंद होत गेलं आणि घर बायकांच्या नाचावर आलं. त्यातल्या गुलाबो सपेरा यांना जन्मतःच जमिनीत पुरलं होतं, मुलगी म्हणून. त्या १९८५ मध्ये अमेरिकेत नाचून आल्या, २०१६ मध्ये पद्मश्री झाल्या.

१८३४ ची बंदी मी वाचत होते तेव्हा मला सारखं २००५ साल आठवत होतं. आपल्या सरकारने त्या वर्षी डान्सबार बंद केले. तीन तारांच्या आणि वरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. नाच तोच, छत महाग असलं की चालत होता. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नेमकं हेच बोट ठेवलं. तोवर त्या मुली पांगल्या होत्या. त्यांना एस्ना कुठे मिळालं, त्याची नोंद करायला कुणी लेन आला नाही.

मग माझ्या यादीचं काय? मीही त्या चार मिनिटांवर छोटी बंदीच घातली होती. त्या वर्षी गॅदरिंगला एका सिनेमातल्या लावणीवर सातवीच्या मुली नाचल्या, कमरेच्या झटक्यांसकट, आणि पहिल्या रांगेतून टाळ्या पडल्या. फोन करणारे बुजुर्गही होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही हे मी पाहिलं नाही, मी विंगेत मुलींच्या पदरांना पिना लावत होते.

ती मुलगी आता बारावी होऊन डी.फार्मसीला आहे. मागच्या ईदला शिरखुर्मा घेऊन घरी आली तेव्हा मी तिला हा सगळा इतिहास सांगायला बसले, बदियापासून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "टीचर, त्या वेळी वेळ खरंच कमी होता का?"

मी नाही म्हणाले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि विचारलं की आलिमा हा शब्द अरबीत कसा लिहितात. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला.